एकोणीसच्या पाटीपुढे

ब्रुले रोडवर माणसं एकमेकांशी आकड्यांत बोलतात. जंगलातून ओंडके भरून निघालेला ड्रायव्हर माईक उचलून म्हणतो, "भरलेला, बावीस." समोरून जंगलाकडे चाललेला सांगतो, "रिकामा, सोळा." मग रिकाम्याने जरा रुंद जागा बघून कडेला व्हायचं आणि भरलेल्याला जाऊ द्यायचं. गावापासून दर किलोमीटरला आकड्याची एक पाटी आहे, रस्ता जेमतेम एका ट्रकच्या रुंदीचा आणि हिवाळ्यात दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती. भरलेला ट्रक मनात आलं म्हणून थांबत नाही. त्यामुळे त्या रस्त्यावर शांतता असली की समोर कोणी नाही, असंच सगळे धरून चालत.

मी बावीस वर्षं सेंट-एमील गावातल्या लाकूड कंपनीच्या ऑफिसात बसून ते आकडे ऐकले. पहाटे पाचला येऊन कॉफी ठेवायची, वायरलेस लावायचा आणि दुपारी शेवटचा ट्रक लाकूड-गिरणीच्या वजनकाट्यावर चढेपर्यंत ऐकत राहायचं. अकरा ड्रायव्हर होते. आकडा पुरा व्हायच्या आत मला माणूस कळायचा. माझा भाऊ फेर्नां माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचा आवाज घोगरा, आणि नुसता आकडा सांगून त्याचं कधी भागलं नाही.

"भरलेला, एकतीस, आणि घोड्याएवढं एक मूस हरीण रस्त्यात उभं आहे, तुझ्या नवऱ्यासारखं. हलायचं नाव नाही."

"माझ्या नवऱ्याला मधे आणू नकोस," मी म्हणायची.

"बरं, मूसला सांगतो तुझा निरोप."

माझा नवरा वारला, त्यानंतर फेर्नांने तो विनोद बंद केला. त्या जागी दुसरे आले.

गाडी चालवताना हातात काही धरून बोलायचं नाही, हा कायदा मुळात फोनसाठी आला. ट्रकवाल्यांच्या वायरलेसला त्यातून सूट होती. तिची मुदत संपत आली की वाढवून मिळायची, तेव्हा ती अशीच वाढत राहणार, असं आम्ही धरून चाललो. त्या वर्षी ती वाढली नाही. आता माईक हातात धरून बोलायचं असेल तर गाडी उभी करायची, नाहीतर हात न लावता बोलता येईल असा सेट बसवायचा.

कायदा फक्त सरकारी रस्त्यावर लागू होता, आणि ब्रुले रोड मूळचा कंपनीचा. पण तळ्याकाठी शहरातल्या लोकांनी बंगले बांधले, त्यांना बर्फ काढून हवा होता, म्हणून त्याआधी दोन वर्षं पहिले एकोणीस किलोमीटर नगरपालिकेने आपल्याकडे घेतले होते. म्हणजे एकोणीसच्या पाटीमागे जंगलात वाटेल तेवढं बोला. पाटी ओलांडून गावाकडे यायला लागलात की माईक हुकाला. आणि वेडीवाकडी वळणं, चढउतार, तेराव्या किलोमीटरचा अरुंद पूल, सगळं त्या एकोणीसच्या आतच.

फेर्नांला पहिली पावती नोव्हेंबरात मिळाली. पोलीस दक्षिणेतून बदलून आलेला तिशीचा माणूस होता, नाव प्रेस्कॉट. आमची फ्रेंच त्याला तोडकीमोडकी यायची, पण बोलायला अदबशीर. बंगलेवाल्यांनी ट्रकच्या वेगाची तक्रार केली होती, म्हणून तो सातव्या किलोमीटरला गाडी लावून बसला होता.

फेर्नां पावती घेऊन तडक ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर आपटली.

"मी त्याला म्हटलं, साहेब, मी कोणाशी गप्पा मारत नव्हतो. मी येतोय एवढंच सांगत होतो."

"मग?"

"म्हणाला, मला समजतं. समजतं म्हणाला आणि लिहीत राहिला." तो खुर्चीत बसला. "फार सभ्य पोरगा आहे. त्याला शिवीसुद्धा देता येत नाही."

दुसरी पावती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी तो विनोद करत आला नाही. तिसऱ्या वेळी लायसन्स महिनाभर जप्त होणार होतं. आमच्याकडे लाकूड वाहायचं ते जमीन गोठलेली असते तेव्हाच. मार्चअखेर बर्फ वितळला की चिखलात रस्ता बंद. त्यातला एक महिना घरी बसायचं म्हणजे वर्ष गेल्यातच जमा.

आमचा मॅनेजर जिस्लें. वाईट माणूस नव्हता. कुठलीही गोष्ट कागदावर उतरली की ती झाली, असं त्याला वाटायचं. त्याने मला सूचना टाईप करायला लावली: 'एकोणीस किलोमीटरच्या आत वायरलेसवर बोलायचे असल्यास वाहन सुरक्षित जागी उभे करावे व नंतरच बोलावे.' खाली सही माझी, कारण ड्रायव्हर माझ्या हाताखाली.

ती मी भिंतीवर लावली तेव्हा ड्रायव्हर हसले.

"लिझेत, भरलेला ट्रक पंधराच्या चढावर उभा करू? परत निघणार कसा, तू येतेस ढकलायला?"

"तिच्या हातचं सूप पिऊन मीच ढकलीन," दुसरा म्हणाला.

"मी लिहिलं नाही हे," मी म्हटलं.

"सही कोणाची आहे?"



हात न लावता बोलायचे सेट जिस्लेंने मागवले होते. स्टिअरिंगवर बटण, डोक्यावर छोटा माईक. ते जानेवारीतच आले, आणि खोक्यात पडून राहिले. ते बसवणारा माणूस दोन तासांवरच्या गावातून यायचा, फक्त शनिवारी, आणि एका शनिवारी दोनच ट्रक व्हायचे. कंपनीच्या चॅनेलवर सेट लावायची परवानगी त्याच्याशिवाय कोणाला नव्हती. अकरा ट्रक म्हणजे सहा शनिवार. कोणाचा आधी, कोणाचा नंतर, ती यादी मी करायची होती.

फेर्नांला मी शेवटी ठेवलं.

त्याच्या दोन पावत्या झाल्या होत्या, म्हणजे खरं तर तो पहिला यायला हवा होता. पण तो माझा भाऊ. बावीस वर्षांत मी त्याला चांगला भार दिला नाही, सोपी पाळी दिली नाही. भावाला झुकतं माप देते, असं कोणी म्हणू नये म्हणून मी नेहमी त्याला अर्धं पाऊल मागे ठेवत आले. यादी लिहिताना हात आपोआप तसाच चालला. त्याचं नाव अकरावं लिहिलं, त्याचा मला किंचित अभिमानही वाटला.

त्या रविवारी तो नेहमीसारखा माझ्याकडे जेवायला आला. मी वाटाण्याचं सूप केलं होतं. तो बराच वेळ पाव मोडत बसला आणि मग म्हणाला, "लिझेत, मला जरा वर घे ना यादीत."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मला दोन झाल्यात."

"तुला एकट्यालाच नाहीत. नॉर्मांलाही दोन आहेत."

"नॉर्मां तिसरा आहे यादीत."

"फेर्नां, पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एवढे दिवस माईकला हात लावू नकोस, म्हणजे झालं. बाकी मी बघते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सूप संपवलं. एकदा नाही म्हटलेलं पुन्हा मागायचं नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव.

बाकी मी बघते म्हटलं, ते उगाच नव्हतं. मी एक युक्ती काढली होती. कायदा गाडी चालवणाऱ्याला होता, खुर्चीत बसलेल्या बाईला नव्हता. भरलेला ड्रायव्हर पाटीपाशी आला की माईक हुकाला लावण्याआधी शेवटचं सांगायचा, "भरलेला, एकोणीस, ठेवतोय." मी घड्याळात बघून कागदावर पेन्सिलीने वेळ लिहायची. भरलेल्याला किलोमीटरला दीड मिनिट लागतं. मग मी हिशोबाने इथून बोलत राहायची: "फेर्नां सतराला असेल. फेर्नां पंधराला." रिकामे जाणारे ऐकत आणि वेळीच कडेला होत. ऐकायला बंदी नव्हती. ड्रायव्हर म्हणू लागले, "आता आम्ही मुके आणि लिझेत आमचं तोंड." जिस्लेंला हे माहीत होतं. त्याने त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

महिनाभर ते नीट चाललं. पाणी प्यायला उठायचं तरी मी घड्याळ बघून उठायची.

ऑरेल ग्रेडर चालवायचा, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ खरवडून सपाट करायचं यंत्र. ग्रेडर जंगलातल्या तळावर असायचा आणि ऑरेल गावातून आपल्या पिकअपने तिथे ये-जा करायचा. अठ्ठावन्न वर्षांचा, जाडसर, कामाच्या बाबतीत अतिशय काटेकोर. माझ्या सूचनेवर जो हसला नाही असा तो एकटाच. ती तंतोतंत पाळायचा. अकराव्या किलोमीटरला गाड्यांसाठी खोदलेली एक जागा होती, तिथे पिकअप थांबवायची, माईक उचलून आकडा सांगायचा, अर्धं मिनिट ऐकायचं आणि मग निघायचं.

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, गुरुवारी, दुपारी तीन वाजून एक मिनिटाने फेर्नांने सांगितलं, "भरलेला, एकोणीस, ठेवतोय. सूर्य डोळ्यांत येतोय." मी वेळ लिहिली. "फेर्नां अठराला," मी म्हटलं. "फेर्नां सतराला."

तेवढ्यात फोन वाजला. सेट बसवणारा माणूस होता. या शनिवारी जमणार नाही म्हणाला, बायकोच्या बहिणीचं लग्न. मला राग आला. दोन शनिवार त्याने आधीच चुकवले होते. मी म्हटलं, माझे पाच ट्रक अजून बाकी आहेत, रोज जीव मुठीत धरून येतात माणसं. तो म्हणाला, मादाम, तुम्ही ओरडू नका. मी म्हटलं, मी ओरडत नाहीये. मी ओरडत होते.

त्या ओरडण्यात मागून वायरलेस बोलला. तो मी ऐकला. "रिकामा, अकरा, पिकअप. निघतोय."

मी ऐकलं, आणि मनात म्हटलं, एवढं वाक्य पुरं करते आणि मग सांगते. वाक्य पुरं झालं. त्याने उलट उत्तर दिलं. त्या उत्तराला मी उत्तर दिलं. फोन ठेवून घड्याळाकडे पाहिलं तर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी माईक उचलला आणि म्हटलं, "ऑरेल, फेर्नां तेराला आहे. ऑरेल?"

थोड्या वेळाने फेर्नांचा आवाज आला. घोगरा नव्हता, अगदी स्वच्छ होता, लहान मुलासारखा.

"लिझेत. अँब्युलन्स. तेरा, पुलावर."

नंतर जे कळलं ते असं. ऑरेल पुलाच्या अलीकडच्या वळणातून बाहेर आला आणि समोर ट्रक दिसला. त्याने पिकअप बर्फाच्या भिंतीत घातली. त्या जागी तेवढंच करता येण्यासारखं होतं. फेर्नांने ब्रेक दाबले, ट्रक थांबत आला, पण मागचा ट्रेलर घसरून आडवा झाला आणि पिकअपच्या बाजूवर बसला. फेर्नांने दार कुऱ्हाडीने फोडलं. ऑरेल शुद्धीवर होता. पंधरा मिनिटं होता. फेर्नांने आपलं जाकीट काढून त्याला गुंडाळलं आणि शेजारी बर्फात गुडघ्यांवर बसून राहिला. अँब्युलन्स आली तेव्हा ऑरेल गेलेला होता, आणि फेर्नां शर्टावर होता, उणे पंचवीसमध्ये. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नंतर कापावी लागली.

त्या पंधरा मिनिटांत ऑरेल काय बोलला, हे त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

अंत्यविधीला सगळं गाव होतं. फेर्नां चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, बँडेज बांधलेला हात कोटात. ऑरेलची बायको रोलांद बाहेर पडताना त्याच्यासमोरून गेली, थांबली नाही, पण तिने नजरही वळवली नाही. सरळ त्याच्याकडे बघत गेली.

मार्चमध्ये ती माझ्याकडे आली. बूट न काढता दारातल्या चटईवरच उभी राहिली.

"तू त्याला शेवटचं ऐकलंस म्हणे."

"हो."

"कसा होता आवाज?"

"नेहमीसारखा. म्हणजे... तोंडात काहीतरी असल्यासारखा."

तिने डोळे मिटले. "पेपरमिंट. डॉक्टरने सोडायला सांगितलं होतं. मला म्हणायचा, सोडलं." मग विचारलं, "तू त्याला उत्तर का दिलं नाहीस?"

"मी फोनवर होते, रोलांद."

"कोणाशी?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मी तिला आत यायला सांगितलं, कॉफी ठेवते म्हटलं. "नको," ती म्हणाली, "मला फक्त आवाज कसा होता ते हवं होतं," आणि गेली.

मृत्यूची चौकशी ऑक्टोबरात लागली, नगरपालिकेच्या सभागृहात. पाच जणांची ज्युरी, चौकशी चालवणारा कॉरोनर, एक सरकारी वकील, एक कंपनीचा. आदल्या दिवशी जिस्लेंने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"हे बघ लिझेत, सूचना भिंतीवर होती. सेट मागवलेले होते. ऑरेल थांबून बोलला होता, म्हणजे सूचना पाळता येत होती, हे सिद्धच आहे. तेवढं सांग. ते पेन्सिलीचे कागद कोणी मागितलेले नाहीत."

"मागितले नाहीत म्हणून?"

"म्हणून सांगू नकोस. तू स्वतःहून ते काम अंगावर घेतलं होतंस. कंपनीने सांगितलं नव्हतं. ते बाहेर आलं तर सगळं तुझ्या डोक्यावर येईल. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय गं." त्याच्या आवाजात खरंच काळजी होती. "आणि फेर्नांचं काय, तो सांगेलच की त्याने ऑरेलचा आकडा ऐकला नाही. त्या चढावर वायरलेस कधीकधी खरखरतो. सगळ्यांना माहीत आहे."

मी संध्याकाळी फेर्नांकडे गेले. तो स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होता. अपघातानंतर त्याने ट्रक दुरुस्त करून घेतला होता, पण चालवला नव्हता. ट्रक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा होता.

"तू ऐकलं होतंस का त्याला?" मी विचारलं. आठ महिन्यांत मी हे विचारलं नव्हतं.

"उद्या सांगेन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. शपथ घेतली, तीन बोटांचा हात मांडीवर ठेवला आणि कॉरोनरने विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"मी ऑरेलला ऐकलं. अकरा म्हणाला. मी पंधराच्या चढावर होतो. पुलावर गाठ पडणार, हे मला त्याच क्षणी कळलं. माईक समोर होता. मी उचलला नाही."

"का नाही उचललात?"

"सतराला बंगल्यांच्या फाट्यावर पोलिसाची गाडी उभी होती. ती मागून येत असेल, असं वाटलं. मी आरशात बघितलं. बर्फ उडत होता, काही दिसेना. आणि मला वाटलं, लिझेत सांगेल. महिनाभर ती सांगत होती. मी वाट बघितली तिच्या आवाजाची. तीन मिनिटं वाट बघितली. मग पूल आला."

मी दुसऱ्या रांगेत होते. रोलांद पहिल्या रांगेत, तिची मान मला मागून दिसत होती.

त्यानंतर प्रेस्कॉटची साक्ष झाली. त्या दुपारी तो फाट्यावर एका बंगल्यातून बर्फावर चालवायची स्नोमोबाईल चोरीला गेली होती तिची तक्रार लिहून घेत होता. गाडीत बसून फॉर्म भरत होता. ट्रक गेलेला त्याने पाहिलासुद्धा नव्हता.

"पाहिला असतात आणि ड्रायव्हरच्या हातात माईक असता, तर तुम्ही काय केलं असतंत?" सरकारी वकिलाने विचारलं.

प्रेस्कॉटचे कान लाल झाले होते. "मला वाटतं, मी पावती दिली असती," तो म्हणाला. खोटं बोलून सुटणं त्याला सोपं होतं. तो खोटं बोलला नाही. त्याचा राग मला त्या दिवसानंतर कधी आला नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी पेन्सिलीचे कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. जिस्लें खाली बघत होता. मी यादीचं सांगितलं. भावाला शेवटी का ठेवलं ते सांगितलं. त्याने वर घे म्हटलं होतं, मी नाही म्हटलं होतं, ते सांगितलं. लग्नाचं, फोनचं, एक वाक्य पुरं करते म्हटलं त्याचंही सांगितलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "हे काम तुम्हाला कोणी दिलं होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. सगळ्यांना माहीत होतं, पण दिलं कोणी नव्हतं."

ज्युरीने शिफारशी लिहिल्या. अशा रस्त्यांवर वायरलेसला सूट द्यावी. सेट बसवल्याशिवाय ट्रक बाहेर काढू नये. तेराचा पूल रुंद करावा. कॉरोनरने त्या वाचून दाखवल्या, सगळ्यांचे आभार मानले. दोष कोणाला द्यायचा हे ठरवणं त्यांचं कामच नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं. फेर्नांवर खटला झाला नाही. सेट आठवड्याभरात सगळ्या ट्रकना बसले. पूल अजून तेवढाच आहे.

बाहेर पायऱ्यांवर फेर्नां माझी वाट बघत होता. मला वाटलं, तो काही बरं बोलेल.

"तू सगळं स्वतःवर का घेतलंस?"

"जेवढं माझं होतं तेवढंच घेतलं."

"मी तिथे होतो, लिझेत. तू इथे होतीस, खुर्चीत. माईक माझ्या हातापासून एवढ्या अंतरावर होता." त्याने उरलेली बोटं पसरून दाखवली. "लोक आता म्हणतायत, बिचारा फेर्नां, बहिणीवर विसंबला. मला ते नको. मला माझं तरी असू दे."

तो निघून गेला. त्यानंतर पाच आठवडे तो रविवारी आला नाही.

कंपनीने मला काढलं नाही. वायरलेसचं काम शहरातल्या ऑफिसात हलवलं आणि मला बिलं लावायला बसवलं. मीच सोडलं. आता मी सहकारी दुकानात खिळे, दोर, रंगाचे डबे विकते. नोव्हेंबरच्या शेवटी फेर्नांचा फोन आला. ट्रकला गिऱ्हाईक आलंय, त्याचं इंग्रजी फार भरभर आहे, तू ये.

गिऱ्हाईक दक्षिणेतून आलेलं एक पंजाबी जोडपं होतं. नवऱ्याचं नाव गुरसेवक. पस्तिशीचा, निळी पगडी, पायांत शहरी बूट, थंडीने नाक गळत होतं. बायको गाडीत हीटर लावून बसली होती. गुरसेवकने ट्रकखाली आडवं पडून सगळं तपासलं, इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं. त्याला काम कळत होतं.

"चांगला ठेवलाय काकांनी," तो मला म्हणाला. "विचारा त्यांना, एवढा चांगला ठेवून विकतायत का?"

मी विचारलं. फेर्नांने माझ्याकडे न बघता थेट त्याला आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "या ट्रकखाली माणूस मेला. फेब्रुवारीत. मी चालवत होतो."

गुरसेवकने दारावरचा हात काढून घेतला. थोडा वेळ तो ट्रेलरकडे बघत राहिला, मग गाडीकडे गेला, काच खाली करायला लावून बायकोशी बोलला. ती खाली उतरली. दोघं बराच वेळ बर्फात उभं राहून आपापसांत बोलत होते. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण ती बाई स्वतः फेर्नांपाशी आली आणि म्हणाली, "त्या माणसाचं नाव काय होतं?"

"ऑरेल."

"ऑरेल," तिने नीट म्हणून पाहिलं. नवऱ्याकडे बघून मान हलवली. ट्रक त्यांनी घेतला.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तसा फेर्नां फाटक न लावताच गावाच्या दिशेने चालायला लागला. टोपी घातली नव्हती. मी गाडी काढली, त्याच्या शेजारून हळूहळू चालवत काच खाली केली.

"बस ना, फेर्नां."

"चालतोय मी."

"कुठे?"

"माहीत नाही. चालतोय."

लाकडाच्या वखारीवरून, बंद पडलेल्या सिनेमावरून, आइस-रिंकवरून आम्ही तसेच गेलो, तो चालत, मी पहिल्या गिअरमध्ये. मागून येणारे दोघेतिघे हॉर्न न वाजवता बाजूने निघून गेले. चर्चपाशी तो थांबला, बुटांवरचा बर्फ झटकला, गाडीचं दार उघडून आत बसला. पट्टा लावायला त्याला वेळ लागला, तीन बोटांनी ते नीट जमत नाही. मी मदत केली नाही.

"घरी सोडू?"

"तुझ्याकडे काय आहे खायला?"

"काही नाही. बीन्स आहेत कालचे."

"चालतील," तो म्हणाला. "आणि तो हीटर कमी कर जरा."